‘प्रत’ शब्दाचे दोन अर्थ : चित्रपटसंगीताच्या संग्राहकांमधील एका वादाची चिकित्सा

१

मराठीत ‘प्रत’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. पोथीची प्रत म्हणजे तिची नक्कल. तांदळाची किंवा कापडाची प्रत म्हणजे त्याचा दर्जा. रोजच्या व्यवहारात संदर्भावरून अर्थ उलगडतो व घोटाळा होत नाही. परंतु जी वस्तू स्वतःच नक्कल आहे तिच्या दर्जाविषयी जेव्हा वाद उपस्थित होतो, तेव्हा हे दोन अर्थ परस्परांत मिसळू लागतात आणि एका अर्थाने विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्या अर्थाने उत्तर दिले जाते. चित्रपटसंगीताच्या संग्राहकांमध्ये सुमारे पाव शतक चालत आलेला, सीडी आणि संक्षिप्त ध्वनिफाइल यांच्या तारतम्याचा वाद हे ह्या मिश्रणाचे लक्षणीय उदाहरण होय. हा वाद मुख्यतः अमेरिकेत व युरोपात, इंग्रजीतून झाला; आणि इंग्रजीतील ‘क्वालिटी’ ह्या शब्दाला नकलेचा अर्थ नाही. तरीही घोटाळा तोच झाला. त्यावरून तो केवळ शब्दाचा नसून विचाराचा आहे, हे उघड होते. मराठी शब्दाचा उपयोग इतकाच की, तो घोटाळ्याचे नेमके स्थान दाखवून देतो.

ज्या संग्राहकांविषयी येथे विवेचन करावयाचे आहे, त्यांचा ओढा चित्रपटांतील गीतांपेक्षा वाद्यवृंदासाठी रचलेल्या पार्श्वसंगीताकडे अधिक असतो. बर्नार्ड हरमन, जेरी गोल्डस्मिथ, जॉन विल्यम्स हे त्यांचे आराध्य रचनाकार. व्हरेझ साराबांद, इन्ट्राडा, ला-ला लँड यांसारख्या प्रकाशनसंस्था ह्या वर्गासाठी जुन्या चित्रपटांचे संगीत मर्यादित प्रतींच्या सीडींमधून प्रसिद्ध करीत आल्या. ‘फिल्म स्कोअर मंथली’ ह्या नियतकालिकानेही अशीच एक मालिका चालविली. अशी आवृत्ती पुष्कळदा दोन-तीन हजार प्रतींचीच असे व ती संपली की मिळणे दुष्कर होई. साहजिकच, सीडी हे ह्या वर्गाच्या दृष्टीने ऐकण्याचे साधन होते तसेच जतन करण्याचे धनही होते. तेच संगीत फाइलच्या रूपाने सहज व अनेकदा स्वस्तात मिळू लागले, तेव्हा प्रश्न उभा राहिला : ही फाइल सीडीच्या तोडीची मानावी काय?

एका पक्षाचे म्हणणे असे की, फाइलमध्ये ध्वनीचा मोठा भाग गाळलेला असल्यामुळे ती निकृष्ट होय; ज्याला कान आहेत त्याला हे कळलेच पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो की, जो फरक ऐकू येत नाही तो फरकच नव्हे; तेव्हा सीडीचा आग्रह ही केवळ वस्तुपूजा आहे. दोन्ही पक्ष आपापल्या जागी काहीसे बरोबर आहेत. मात्र ते एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देत नसून दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. आणि ह्या दोहोंहून महत्त्वाचा असा तिसरा प्रश्न दोघांच्याही नजरेआड राहिला आहे.

२

प्रथम ह्या दोन वस्तूंचे स्वरूप पाहिले पाहिजे. सीडीचे मानक फिलिप्स व सोनी ह्या कंपन्यांनी मिळून ठरविले आणि १९८२ साली ती बाजारात आली. तीत दोन्ही वाहिन्यांतील ध्वनीचे दर सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० नमुने घेतलेले असतात व प्रत्येक नमुना १६ बिटांनी व्यक्त होतो. म्हणजे एका सेकंदाच्या संगीतासाठी १४,११,२०० बिट लागतात. ७४ मिनिटांच्या सीडीला सुमारे ७८ कोटी ३० लाख बाइट. नमुन्यांचा हा वेग मनमानी नाही. मानवी श्रवणाची वरची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ मानली जाते, आणि एखादी कंप्रता नमुन्यांतून पुन्हा उभी करावयाची तर नमुने तिच्या दुपटीहून अधिक वेगाने घ्यावे लागतात, असे गणित सांगते.

एमपी-थ्रीची रीत निराळी आहे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील कार्ल्हाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी यांचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता. १९९३ साली ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली आणि ‘एमपी-थ्री’ हे नाव १९९५ पासून रूढ झाले. सेकंदाला १ लाख २८ हजार बिट ह्या दराने केलेली फाइल सीडीच्या सुमारे अकराव्या हिश्शाइतकी असते. ३ लाख २० हजार ह्या कमाल दराने केलेली, पाव हिश्शाहून थोडी कमी. हा संक्षेप ‘आच्छादना’च्या तत्त्वावर साधला जातो. मोठा आवाज चालू असता त्याच्या जवळच्या कंप्रतेचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही; ढोल वाजत असता शेजारची कुजबूज जशी विरून जाते, तसे हे आहे. अमुक क्षणी कोणता ध्वनी अशा रीतीने झाकला जाईल, ह्याचा अंदाज संकेतन करणारा कार्यक्रम श्रवणाच्या एका गणिती प्रतिमानावरून बांधतो आणि जे झाकले जाणार ते अगदी ढोबळ मापाने नोंदवितो किंवा सोडूनच देतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सीडीचे मोजमाप ध्वनीला धरून आहे, एमपी-थ्रीचे श्रोत्याला धरून आहे. जोनाथन स्टर्न यांनी २०१२ च्या आपल्या ग्रंथात ह्या दृष्टीचे मूळ विसाव्या शतकातील अमेरिकन टेलिफोन-संशोधनापर्यंत नेऊन भिडविले आहे : एका तारेतून अधिक संभाषणे न्यावयाची तर कानाला ज्याची गरज नाही ते वगळावे, हा विचार तेथलाच. एमपी-थ्री ही त्या विचाराची परिणती होय. आपल्या पद्धतीची पारख करताना ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा ह्या गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यसाथीविना गायिलेले गीत वारंवार वापरले, कारण आरंभीच्या प्रयोगांत तो एकटा मानवी आवाज फारच विद्रूप होत असे. म्हणजे प्रतिमान घडविताना कोणीतरी कोणत्यातरी संगीताकडे कान देऊन निवाडे केले होते. ते निवाडे सर्व श्रोत्यांना व सर्व संगीताला सारखेच लागू पडतील, हे गृहीतक आहे.

३

आता पहिला प्रश्न : फरक ऐकू येतो काय? ह्याचा निर्णय अभिरुचीने होत नाही, चाचणीनेच होतो. श्रोत्याला प्रथम दोन नमुने ओळख देऊन ऐकवावयाचे, नंतर त्यांतील एक ओळख न देता ऐकवावयाचा आणि तो पहिला की दुसरा हे विचारावयाचे. ऐकविणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसावे. ही पद्धत आज सर्वमान्य आहे. सोळा वेळा विचारले असता बारा उत्तरे बरोबर आली, तर केवळ नशिबाने तसे होण्याचा संभव शंभरात चारांहून कमी असतो. नऊ-दहा बरोबर आली, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय दोन्ही नमुन्यांचा आवाज काटेकोरपणे समान असावा लागतो. कारण किंचित मोठा असलेला नमुना मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो, ही श्रवणाची जुनी खोड आहे. आपल्या कपाटातील सीडी आणि विकत घेतलेली फाइल एकामागून एक लावून निवाडा देणारा संग्राहक ह्यांपैकी एकही पथ्य पाळीत नाही.

पथ्ये पाळली म्हणजे चित्र पालटते. चांगल्या संकेतकाने, २ लाख ५६ हजार किंवा अधिक दराने केलेली फाइल बहुसंख्य श्रोत्यांना बहुतेक संगीतात सीडीहून वेगळी ओळखता येत नाही. ह्याच्या वरच्या पायरीवरचा प्रयोग अधिक बोलका आहे. मेयर व मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत सीडीहून सूक्ष्म नोंदीचे संगीत आणि तेच सीडीच्या मापातून गाळून घेतलेले संगीत श्रोत्यांपुढे ठेवले होते. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर ठरले. म्हणजे नाणे उडवून जितके यावेत तितकेच. तेव्हा ‘ज्याला कान आहेत त्याला कळलेच पाहिजे’ हे पहिल्या पक्षाचे विधान अशा सरसकट रूपात टिकत नाही.

ते पूर्णपणे असत्य आहे असेही नाही. एमपी-थ्री ध्वनीचे ११५२ नमुन्यांचे तुकडे पाडते. अशा एखाद्या तुकड्याच्या मध्येच तीक्ष्ण आघात झाला, तर मापाच्या ढोबळपणामुळे उत्पन्न होणारी खरखर आघाताच्या आधीच्या शांततेतही पसरते व आघाताला एक धूसर पूर्वछाया चिकटते. संकेतक अशा ठिकाणी तुकडे लहान करून हा दोष आवरतात, परंतु दर कमी असेल तर तो पुरता आवरत नाही. चिपळ्यांसारखी कॅस्टनेट्स किंवा धातूच्या पट्ट्यांचे ग्लॉकेनश्पील ही अशा दोषाची ठरलेली परीक्षास्थळे होत. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९६८) ह्या चित्रपटासाठी गोल्डस्मिथ यांनी स्वयंपाकघरातील धातूची भांडीसुद्धा वाद्य म्हणून योजिली; अशा आघातप्रधान रचनेत कमी दराची फाइल उघडी पडण्याचा संभव तंतुवाद्यांच्या संथ स्वरपटापेक्षा पुष्कळच अधिक. दुसरा दोष त्याहून साधा आहे. एमपी-थ्री फाइलच्या आरंभी व शेवटी संकेतनाच्या ओघात थोडी निःशब्द भर पडते. तिची दखल न घेणाऱ्या यंत्रावर, जेथे एक संगीतखंड दुसऱ्यात अखंड मिसळतो तेथे क्षणभर खंड पडतो. पार्श्वसंगीतात असे सांधे वारंवार येतात. हा दोष सामान्य श्रोत्यालाही ऐकू येतो. परंतु ‘ऊब’, ‘श्वास’, ‘खोली’ अशा विशेषणांत रमलेल्या टीकेत त्याला क्वचितच स्थान मिळाले.

ह्या पक्षाची आणखी एक चूक भाषिक स्वरूपाची आहे. अ‍ॅपलचे संगीतविक्री केंद्र एप्रिल २००३ मध्ये उघडले तेव्हा तेथील फाइली १ लाख २८ हजार बिटांच्या होत्या. त्यांचे संकेतन एमपी-थ्रीहून निराळे असले तरी तत्त्व तेच होते. २००७ पासून दुप्पट दराच्या फाइली मिळू लागल्या. मधल्या काळात संकेतकही सुधारले. वस्तू पालटली, नाव मात्र तेच राहिले, आणि जुन्या वस्तूविषयी बनलेले मत नव्या वस्तूला चिकटले. शब्दाचा अर्थ वस्तूमागून रेंगाळत चालतो, हे अर्थविज्ञानाच्या अभ्यासकास नवे नाही.

४

मग दुसऱ्या पक्षाचे ‘जो ऐकू येत नाही तो फरकच नव्हे’ हे सूत्र मान्य करावयाचे काय? त्याची परीक्षा लिपीच्या दाखल्याने चांगली होते.

मराठीत ‘चार’ ह्या संख्यावाचक शब्दातील च तालव्य आहे, ‘चारा’ ह्यातील दंततालव्य. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ हे जगणे ह्या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, ह्यांत तर अर्थभेद ह्या एकाच उच्चारभेदावर उभा आहे. देवनागरी लिपी हा भेद नोंदवीत नाही. मराठी वाचकाचे त्यावाचून अडत नाही, कारण लिपीने गाळलेले तो आपल्या भाषाज्ञानाने भरून काढतो. त्याच्या दृष्टीने लेखन पूर्ण आहे. परंतु तीनशे वर्षांनंतर एखाद्या अभ्यासकाला आजचा उच्चार निश्चित करावयाचा असेल, तर हेच लेखन त्याला अपुरे पडेल. लेखनात काहीच बदललेले नसेल. वाचक आणि त्याचे प्रयोजन बदललेले असेल.

संक्षिप्त फाइलही अशीच एका ठरावीक वाचकासाठी केलेली नोंद आहे. तो वाचक म्हणजे सरळ, एकदा, नेहमीच्या रीतीने ऐकणारा श्रोता. त्याच्यापुरती ती पूर्ण आहे. प्रयोजन बदलले की उणीव प्रकट होते. एखाद्याला जुन्या मुद्रणातील खरखर काढावयाची असेल, दबलेला वाद्यविभाग उचलून ऐकावयाचा असेल, किंवा फाइलीचेच पुन्हा दुसऱ्या पद्धतीने संकेतन करावयाचे असेल, तर ज्या आच्छादनाच्या भरवशावर बारीक ध्वनी गाळले होते ते आच्छादनच हलते. आणि झाकल्या गेलेल्या जागी काही उरलेलेच नाही, असे आढळते. जे गाळले जाते ते शून्य नसते, ह्याचा पुरावा रायन मॅग्वायर ह्या अमेरिकन संगीतकाराने कानांपुढेच ठेवला आहे : ‘टॉम्स डायनर’चे संकेतन करताना जे ध्वनी गळून पडतात, तेवढेच वेचून त्याने एक स्वतंत्र रचना सिद्ध केली.

ह्या दृष्टीने दुसरा प्रश्न पहिल्याहून वेगळा ठरतो. तो असा : ही नक्कल मूळ नोंदीशी अक्षरशः जुळते काय? ह्याचे उत्तर कानाने द्यावयाचे नसते. ते बिट जुळवून मिळते, आणि ते ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. संक्षिप्त फाइलीविषयी ते सदैव ‘नाही’ असते, मग ती ऐकण्यास कितीही निर्दोष असो. ऐकताना फरक कळत नाही हे खरे मानूनही ती जतनाला अपात्र ठरते. आणि जतनाला अपात्र ठरते म्हणून ऐकण्यास वाईट ठरत नाही. दोन्ही पक्षांनी ह्या दोन निष्कर्षांपैकी एकेक उचलला व दुसरा सोडला.

येथे आणखी एका गैरसमजाचे निरसन करणे अवश्य आहे. वाद ‘सीडी की फाइल’ असा मांडला गेल्यामुळे अक्षरशः जुळणारी नक्कल म्हणजे तबकडीच, अशी समजूत पसरली. वस्तुतः २००१ पासून उपलब्ध असलेली ‘फ्लॅक’ ही फाइलच आहे. ती आकाराने सीडीतील नोंदीहून बरीच लहान असते आणि तरीही तिच्यातून सीडीतील प्रत्येक बिट जसाच्या तसा परत मिळतो. उलट तबकडी ही नाशवंत वस्तू आहे. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यात १९८८ ते १९९३ ह्या काळात निघालेल्या पुष्कळ सीडी पुढे तांबूस पडून वाचण्यास निरुपयोगी झाल्या. ग्रंथ आणि त्याचा कागद ह्यांत जो भेद, तोच येथेही करावयास हवा.

५

तिसरा प्रश्न ह्या सर्वांहून मूलगामी आहे : नक्कल कशाची? पाठचिकित्सेत ज्या पोथीवरून लेखक उतरून घेतो तिला आदर्श म्हणतात. आदर्शच भ्रष्ट असेल तर लेखकाने कितीही काळजी घेतली तरी त्याच्या हातून भ्रष्ट पाठाची शुद्ध नक्कल तयार होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत डॉ. वि. सी. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक यांनी पोथ्यांची केवळ संख्या मोजली नाही, की त्यांच्या सुवाच्यतेवर भिस्त ठेवली नाही. कोणती पोथी कोणत्या परंपरेतली, हे त्यांनी पाहिले. संग्राहकांच्या वादात नेमकी हीच दृष्टी दुर्मिळ आहे.

‘ब्लेड रनर’ (१९८२) ह्या चित्रपटाचे उदाहरण घ्यावे. व्हँगेलिस यांनी त्यासाठी रचलेले संगीत त्या वर्षी प्रसिद्धच झाले नाही. जी तबकडी निघाली तीत दुसऱ्या वाद्यवृंदाने केलेले त्याचे रूपांतर होते. व्हँगेलिस यांची स्वतःची आवृत्ती १९९४ मध्ये आली व तीतही चित्रपटातील संगीताचा बराच भाग नव्हता. मधल्या काळात अनधिकृत नकला हातोहात फिरत राहिल्या. १९९३ मध्ये तर त्यांतील एक सीडीरूपाने निघाली. अशी सीडी तिच्या मापाप्रमाणे निर्दोष असू शकते. ती ४४,१०० नमुन्यांची व १६ बिटांची आहेच. परंतु हातोहात उतरत आलेल्या टेपेवर जी सरसर साचली, ती सरसरही ती तितक्याच निष्ठेने जपते. ‘जॉज’ची (१९७५) कथाही उद्बोधक आहे. त्या वेळी निघालेल्या तबकडीसाठी विल्यम्स यांनी संगीत पुन्हा ध्वनिमुद्रित केले होते. चित्रपटात जे ऐकू येते ते मुद्रण संग्राहकांच्या हाती २००० साली आले. ‘जॉजची सीडी ऐकली’ असे म्हणणाऱ्याला ‘कोणत्या जॉजची?’ असा प्रश्न विचारणे प्राप्त होते; आणि त्यापुढे ती सीडी होती की फाइल, हा तपशील गौण ठरतो.

आदर्शाविषयीची ही उपेक्षा परिभाषेतील एका द्व्यर्थी शब्दाने अधिकच गडद केली आहे. इंग्रजीत ‘कॉम्प्रेशन’ हा शब्द दोन क्रियांना लावतात. एक, नोंदीचा आकार कमी करणे. हिला येथे ‘संक्षेप’ म्हटले आहे. दुसरी, संगीतातील हळू व मोठ्या आवाजांतील अंतर आवळणे. हिला ‘संकोच’ म्हणावे. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. गेल्या शतकाच्या अखेरीपासून सीडी अधिकाधिक मोठ्या आवाजाच्या काढण्याच्या चढाओढीत हा संकोच बेसुमार वाढला. चित्रपटसंगीताबाहेरचे असले तरी एक उदाहरण येथे अगदी निर्णायक आहे. मेटॅलिका ह्या रॉक वृंदाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) ह्या सीडीतील गीतेच एका व्हिडिओ खेळासाठीही देण्यात आली होती. आणि आवाजाचा चढउतार सीडीपेक्षा त्या खेळातील पाठात अधिक शाबूत असल्याचे श्रोत्यांना आढळून आले. ज्याला हळुवार तंतुवाद्यांपासून पितळी वाद्यांच्या कल्लोळापर्यंतचा पल्ला हवा, त्या पार्श्वसंगीताच्या श्रोत्याला संकोचाने होणारी हानी चांगल्या दराच्या संक्षेपाहून कितीतरी पटींनी अधिक. असे असता, नव्याने ‘उजळून’ काढलेली परंतु आवळलेली सीडी श्रेष्ठ, आणि जुन्या मोकळ्या मुद्रणावरून केलेली फाइल कनिष्ठ, असा निवाडा ‘कॉम्प्रेशन’च्या नावाखाली दिला जातो.

६

हा प्रश्न मुंबईत निर्माण झालेल्या चित्रपटसंगीताच्या, म्हणजेच पुष्कळशा मराठी संग्राहकांच्या संग्रहाच्याही जवळचा आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचेच संगीत मावत असे. त्यामुळे चित्रपटात लांब असलेले गीत तबकडीवर येताना कित्येकदा एखादे कडवे किंवा वाद्यखंड गमावून बसे. तबकडीचा पाठ आणि चित्रपटाचा पाठ असे दोन पाठ तेव्हापासूनच अस्तित्वात आहेत; पुढील काळातील सीडी सामान्यतः तबकडीच्या पाठाची परंपरा चालवितात. चित्रपटातील कडवे ज्याला हवे आहे त्याला उत्तम सीडी उपयोगी नाही, आणि चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवरून घेतलेली सामान्य फाइल उपयोगी आहे.

याहून उघड उदाहरण ‘झंकार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आवृत्त्यांचे आहे. कॅसेटच्या भरभराटीच्या काळात जुन्या गीतांवर नवा ताल चढवून ती विकण्याची प्रथा पडली, व अशी गीते पुढे सीडीवरही आली. पाठचिकित्सेच्या परिभाषेत हा सरळसरळ प्रक्षेप होय. प्रक्षिप्त श्लोक सुंदर अक्षरांत लिहिला म्हणून मूळचा होत नाही. तसेच झंकारयुक्त गीत सीडीवर आहे म्हणून मूळ गीताची ‘चांगली प्रत’ होत नाही.

७

हा सर्व ऊहापोह एका वर्गाच्या छंदापुरताच मर्यादित असता, तर त्याला विद्यापीठीय नियतकालिकात स्थान देण्याचे कारण नव्हते. परंतु चित्रपटसंगीताच्या बाबतीत निर्माते व कंपन्या यांनी मूळ मुद्रणे नेहमीच निगुतीने सांभाळली असे नाही. १ जून २००८ रोजी हॉलीवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत मूळ ध्वनिमुद्रणांचा साठा जळाला. हानी किती झाली याविषयी २०१९ नंतर बराच वाद झाला, पण हानी झाली याविषयी नाही. मुंबईत १९३१ साली प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ ह्या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मूळ नाहीसे झाल्यावर जी नक्कल उरते तीच पुढच्या पिढ्यांचे मूळ होते. पोथ्यांचा इतिहास हाच आहे. अशा प्रसंगी संग्राहक केवळ ग्राहक राहत नाही. इच्छा असो वा नसो, तो लेखनिकाचे काम करू लागतो.

लेखनिकाच्या प्रमादांपैकी सर्वांत घातक तो, जो दिसत नाही. एखाद्याने संक्षिप्त फाइल घेतली, तिचे पुन्हा सीडीच्या मापात रूपांतर केले व तबकडीवर उतरवून दुसऱ्याला दिली, तर त्या तबकडीवर १४,११,२०० बिटांचा दर पुरा असतो. गळालेले मात्र परत आलेले नसते. दर कमी ठेवला असेल तर पुष्कळदा सुमारे १६ किलोहर्ट्झच्या वरचा प्रदेश रिता आढळतो, आणि तो ध्वनीचा आलेख काढल्याशिवाय सहसा ध्यानात येत नाही. तिला ‘सीडी’ हेच नाव मिळते. सीडी म्हणजे उत्तम, असे मानणारा पक्ष तिला प्रमाण धरील. आणि ऐकू येत नाही तो फरक नव्हे, असे मानणारा पक्ष तिच्याविषयी शंका घेणार नाही. दोन्ही सूत्रांच्या संगनमताने एक संक्षेप मूळ म्हणून पुढे जाईल.

ह्याचा अर्थ प्रत्येकाने प्रत्येक वेळी अक्षरशः जुळणारी नोंदच ऐकावी असा नाही. प्रवासात, कामात किंवा फावल्या वेळी चांगल्या दराची संक्षिप्त फाइल ऐकणाऱ्याला आपण काहीतरी गमावीत आहो, अशी टोचणी लावून देणारी टीका चाचणीच्या कसोटीस उतरत नाही, आणि ती सोडून देणेच योग्य. मात्र जी एकमेव किंवा दुर्मिळ नक्कल आपल्यापाशी आहे, ती संक्षेपाच्या रूपात ठेवून मूळ टाकून देणे समर्थनीय नाही. आपल्याला फरक ऐकू येत नाही, हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही, कारण पुढे ती कोण आणि कशासाठी ऐकेल हे आज ठरविता येत नाही.

हस्तलिखितांच्या सूचीत पोथी कोणत्या आदर्शावरून उतरली, केव्हा उतरली, खंडित आहे की पूर्ण, ह्यांची नोंद असते. अक्षर सुवाच्य आहे की नाही, हा तीतील एक रकाना असतो, संपूर्ण सूची नव्हे. चित्रपटसंगीताच्या संग्रहाची नोंदही अशीच ठेवता येईल. मुद्रण चित्रपटातील की तबकडीसाठी पुन्हा केलेले. कोणत्या टेपेवरून वा तबकडीवरून व कोणत्या वर्षी उतरविलेले. आवाजाचा संकोच झालेला आहे काय. आणि मूळपासून आजवरच्या वाटेत कोठेही संक्षेप आडवा आला होता काय : हे चार रकाने भरले म्हणजे त्या संगीताची ‘प्रत’ दोन्ही अर्थांनी कळते. ती तबकडीवर आहे की फाइलीत, हे त्यानंतर पाचव्या रकान्यात लिहावे.